आमदाराची ओळख छापताना तो कुठून चढत आला तेही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात मराठवाड्यातल्या आमदारांची ओळख देणारं पान आलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी ते दोनदा वाचून काढलं. फोटो, वय, शिक्षण, पक्ष, पडलेली मतं, मताधिक्य, शेती किती एकर, सोनं किती तोळे, गाड्या किती, गुन्हे किती, सगळं व्यवस्थित दिलेलं. मेहनत घेतलीय हे दिसतंय, त्याबद्दल आभार. पण खरं सांगू का, पान खाली ठेवल्यावर मला त्या माणसांच्या घरात काय काय आहे तेवढंच कळलं. आमदार व्हायच्या आधी हा माणूस काय करत होता, सरपंच होता का, झेडपीत होता का, किती वेळा पडला, पडल्यावर घरी बसला का गावोगाव फिरला, याची एक ओळ पण नव्हती. त्याच्यासाठीच हे पत्र लिहायलोय.

मी रेणापूर तालुक्यातला. किराणा दुकान आहे, थोडी शेती आहे, यंदा सप्टेंबरच्या पावसात सोयाबीनचं जे व्हायचं ते झालं. आमच्या तालुक्यातल्या माणसाला निवडणुकीचा इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नाही, आम्ही तो बोटाला शाई लावून शिकलोय. २००८ च्या पुनर्रचनेआधी रेणापूर नावाचाच विधानसभा मतदारसंघ होता, गोपीनाथराव मुंडे साहेबांचा. आता ती पाटी गेली आणि आम्ही लातूर ग्रामीणमध्ये आलो. म्हणजे एकाच आयुष्यात आम्ही मुंडे साहेबांना पण मत देऊन झालंय आणि विलासराव साहेबांच्या घरात पण.

मुंडे साहेबांचंच बघा. पेपरवाले लिहितात "पाच वेळा आमदार, उपमुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री". बरोबर आहे. पण १९७८ ला ते बीड जिल्हा परिषदेत निवडून आले होते, १९८० ला रेणापुरातून आमदार झाले आणि १९८५ ला इथंच पडले, हे किती जणांना माहिती आहे? पडलेली ती पाच वर्षं मला महत्त्वाची वाटतात. त्यानंतर १९९०, १९९५, १९९९, २००४ असे सलग चार वेळा ते इथून गेले, १९९१ च्या शेवटी विरोधी पक्षनेते झाले आणि १९९५ ला उपमुख्यमंत्री. माझे वडील काँग्रेसचे, तरी ते म्हणायचे की हा माणूस पडल्यावर जास्त भेटायला लागला.

विलासराव साहेबांचं तर अजून सरळ आहे. १९७४ ला बाभळगावचे सरपंच, मग उस्मानाबाद झेडपीचे सदस्य (लातूर जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १९८२ ला झाला), लातूर पंचायत समितीचे उपसभापती आणि १९८० ला आमदार. १९८५, १९९० परत निवडून आले आणि १९९५ ला लातूर शहरात, स्वतःच्या घरच्या मैदानात, जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी त्यांना जवळपास ३५ हजारांनी पाडलं. त्या रात्री लातूरच्या रस्त्यावर मी होतो, मंत्री पडलाय हे लोकांना खरंच वाटेना, जो तो दुसऱ्याला परत परत विचारायला लागला. पुढच्या वर्षी विधान परिषदेला पण अर्ध्या मतानं पडले असं आमच्याकडं अजून सांगतात. आणि १९९९ ला तेच साहेब ९० हजारांच्या आसपास मतांनी निवडून येऊन डायरेक्ट मुख्यमंत्री. म्हणजे सरपंचाच्या खुर्चीपासून मुख्यमंत्र्याच्या खुर्चीपर्यंत मधल्या सगळ्या पायऱ्या आहेत आणि मधी एक सपाटून आपटणं पण आहे. त्यांना तलाठ्याचा दप्तर कसा असतो, ग्रामसेवक कुठं अडवतो, झेडपीच्या सभेत ठराव कसा फिरवतात हे कुणी सांगायची गरज नव्हती, कारण ते त्यातूनच वर गेले होते. कंधारचे भाई केशवराव धोंडगे घ्या. शेकापचे, सरकार कुणाचं पण असो सभागृहात एकटे उभे राहून बोलायचे, १९७७ ला नांदेडचे खासदार पण झाले, शंभरी पार करून १ जानेवारी २०२३ ला गेले. असल्या माणसाची ओळख एकर आणि तोळ्यात कशी बसवणार?

आता आमच्या लातूर ग्रामीणकडं या. २००९ ला वैजनाथराव शिंदे, २०१४ ला त्र्यंबकराव भिसे, दोन्ही काँग्रेसचे, आणि दोन्ही वेळेला समोर पडलेले भाजपचे रमेशअप्पा कराड. २०१९ ला जागा युतीत सेनेला सुटली, अप्पांना तिकीट नाही, आणि निकाल काय लागला तर विलासराव साहेबांचे चिरंजीव, काँग्रेसचे धीरज देशमुख सव्वा लाखाच्या पुढं मतं घेऊन निवडून आले आणि दुसऱ्या नंबरला नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही'चं बटण! २७ हजारांच्या वर नोटा, आणि सेनेचा उमेदवार त्याच्या खाली तिसरा. अख्ख्या राज्यात चर्चा झाली होती. मग २०२० ला कराड विधान परिषदेवर बिनविरोध गेले आणि २०२४ ला त्यांनी धीरजभैयांना साधारण साडेसहा हजारांनी हरवलं. एवढी मोठी कहाणी आहे साहेब, दोनदा पडलेला माणूस तिकीट कापल्यानंतरही पंधरा वर्षांनी कसा निवडून येतो आणि सव्वा लाख मतं घेतलेला माणूस पाच वर्षांत कसा पडतो. आपल्या पानावर त्याचं काय आलं, तर "मताधिक्य" आणि पुढं एक आकडा. मी दोघांपैकी कुणाचा कार्यकर्ता नाही, दोघांना कधी ना कधी मत दिलंय. पण ह्याच्यातून मतदारसंघ काय बोलायलाय ते वाचकाला कळायला पाहिजे का नको?

मला वाटतं गडबड कुठं होते तर माहिती उचलताना होते. उमेदवार अर्जासोबत जे शपथपत्र देतो, नमुना २६, त्याच्यातूनच सगळे पेपर माहिती घेतात. ते शपथपत्र चांगलंच आहे, २००२ आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठणकावून सांगितलं म्हणून गुन्हे आणि मालमत्ता लोकांसमोर यायला लागली, त्याआधी तर काहीच कळत नव्हतं. पण त्यात आधी कोणतं पद भूषवलं, किती निवडणुका लढवल्या, किती हरल्या, असा रकानाच नाही. रकाना नाही म्हणून पेपरात नाही, पेपरात नाही म्हणून लोकांच्या डोक्यात नाही. हळूहळू काय झालं, आमदार म्हणलं की किती कोटीचा हाच पहिला प्रश्न. कट्ट्यावरची पोरं आमदाराची गाडी कोणती ते सांगतात, तो कधी ग्रामपंचायतीत तरी होता का ते त्यांना सांगता येत नाही.

आणि हे आत्ताच का लिहायलोय, तर ती पायरीच बंद पडलीय. आमच्या झेडपीची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ला झाली, भाजपनं पहिल्यांदा लातूर झेडपी काँग्रेसकडून घेतली ती. मार्च २०२२ ला मुदत संपली. तेव्हापासून प्रशासक. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण २०२१ पासून कोर्टात, मग त्याच आरक्षणासाठी नेमलेला बांठिया आयोग, मग प्रभाग रचना कुणी करायची ह्याच्यावर वाद, तारखेवर तारीख. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणलं, ते चार महिने पण गेले, आता ३१ जानेवारी २०२६ ची मुदत दिलीय. १३ ऑक्टोबरला झेडपीच्या गटांची आणि पंचायत समितीच्या गणांची, म्हणजे त्यांच्या मतदारसंघांची, आरक्षण सोडत झाली तेव्हा कुठं लोकांना वाटायलंय की आता खरंच होईल. पण गेलेल्या साडेतीन वर्षांत जी माणसं घडायची होती ती घडली नाहीत, त्याचा हिशोब कुणी मांडायचा?

माझी मेहुणी शेजारच्या तालुक्यात दिली आहे, २०१७ ला ती पंचायत समितीला निवडून आली, महिला राखीव गणातून. बारावी शिकलेली, घरी ब्लाऊज शिवायची. पहिलं वर्षभर आमचे साडूच सगळं बोलायचे, ही नुसती सही करायची, मी स्वतः बघितलंय आणि मला ते आवडत नव्हतं. तिसऱ्या वर्षी गावाजवळच्या ओढ्यावर नळकांडी पूल झाला. ती मासिक सभेत उभी राहिली आणि म्हणली मला ह्या कामाची एमबी बघायची आहे. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक, इंजिनिअर त्यात काम मोजून लिहितो आणि त्याच्यावर बिल निघतं. आधी कुणी देईना, दुसऱ्या सभेत परत मागितली, तिसऱ्या सभेत दिली. त्यात सिमेंट पाइपच्या चार रांगा लिहिलेल्या, आणि ओढ्यात तीनच. ती शिलाई मशीनवरचा टेप घेऊन ओढ्यात उतरली, बाजूच्या भिंतीची लांबी-उंची मोजली, वहीत लिहिली आणि पुढच्या सभेत सगळ्यांसमोर दोन्ही आकडे वाचून दाखवले. बिल थांबलं. पावसाळ्याच्या आधी चौथी रांग पडली. त्या दिवसापासून साडू सभेला जायचे बंद झाले, तीच जायला लागली, आमसभेत आमदारांच्या समोर माईक हातात घेऊन पाणीपुरवठ्याचा प्रश्न विचारायला लागली. मला अगदी मनापासून वाटत होतं की ही बाई अजून दोन टर्ममध्ये विधानसभेला उभी राहण्याच्या लायकीची होईल. आणि २०२२ ला मुदत संपली, ही परत मशीनवर.

यंदाच्या पावसात त्यांच्या गावच्या झेडपी शाळेच्या दोन खोल्यांवरचे पत्रे गळायला लागले, चौथीची पोरं दप्तर डोक्यावर घेऊन व्हरांड्यात बसली. लोक अजून तिच्याच दारात येतात, तिच्याकडं पद नाही तरी. शाळा व्यवस्थापन समितीचा अर्ज घेऊन ती गेली तर एका ऑफिसात सांगितलं प्रस्ताव वर पाठवलाय, दुसरीकडं सांगितलं आमदार साहेबांचं पत्र आणा. बघा, शाळेच्या पत्र्याला आमदाराचं पत्र. आधी झेडपी मेंबर सेसमधून, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या निधीतून, नाहीतर बांधकाम समितीत भांडून हे करायचा. आता खालचं सगळं रिकामं झाल्यामुळं नालीपासून पेव्हर ब्लॉकपर्यंत सगळं आमदाराच्या दारात गेलंय. पंचवीस-पंधराचा, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या २५१५ लेखाशीर्षाचा निधी आमदार सुचवणार, आमदार निधीतून हायमास्ट आणि सभामंडप आमदारच देणार, आणि निवडून आलेली बॉडी नाही म्हणून वित्त आयोगाचा झेडपी-पंचायत समितीचा वाटा तिकडं अडकून बसणार. यात आमदाराचा पण तोटाच आहे असं माझं मत आहे. सकाळी सहापासून अंगणात शंभर माणसं, दुपारी तीन लग्नं, दोन दहावे, संध्याकाळी उद्घाटन, मग त्या माणसानं सोयाबीनच्या भावावर, मांजरा धरणाच्या पाण्यावर, पीक विम्यावर सभागृहात बोलायचा अभ्यास कधी करायचा? आमदाराचं काम कायदा आणि बजेट, आणि आपण त्याला झेडपी मेंबर करून ठेवलंय. शिडीची खालची पायरी काढली की वर चढायला दोनच जण उरतात, ज्याच्या घरात आधीच खुर्ची आहे तो, नाहीतर ज्याच्याकडं पोतं भरून पैसा आहे तो. घराण्यातला माणूस वाईटच असतो असं मी म्हणत नाही, २०१७ ला धीरजभैया पण झेडपीतूनच आले होते आणि ते मला बरंच वाटलं होतं. पण ज्याच्या घरात कुणी नाही त्याला ती एकच वाट होती.

म्हणून आपल्याकडं एक मागणी आहे साहेब. आता झेडपी आणि पंचायत समितीच्या निवडणुका लागतील, आपण उमेदवारांची माहिती छापालच. तेव्हा मालमत्तेच्या शेजारी आधी कोणतं पद होतं आणि किती साल ते किती साल, आतापर्यंत किती निवडणुका लढवल्या, किती पडल्या, पडल्यावर मधल्या काळात काय केलं, एवढं उमेदवाराला फोन करून विचारा आणि छापा. कुणी काही सांगितलं नाही तर तिथं "सांगितलं नाही" असं छापा. आमदारांचं पान परत काढाल तेव्हा ४६ च्या ४६ आमदारांचं असंच काढा. जुने निकाल आपल्या ऑफिसातल्या फायलींमध्ये असतीलच, विलासराव साहेब पडले त्या दिवशीचा आपला अंक मी स्वतः विकत घेतला होता.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं. मेहुणीचा गण यावेळी सर्वसाधारण महिलेला सुटलाय आणि ती अर्ज भरणार आहे, पक्ष अजून ठरला नाही. तिच्याकडं दीड एकर कोरडवाहू आणि एक शिलाई मशीन आहे, रकान्यात तेवढंच येईल. त्याच्या शेजारी पुलाच्या चौथ्या रांगेचं पण छापा. एमबीची झेरॉक्स तिनं अजून जपून ठेवलीय, आपला वार्ताहर आला तर ती दाखवेल.

आपला नेहमीचा वाचक,
ता. रेणापूर, जि. लातूर
१६ ऑक्टोबर २०२५