टेकू काढायच्या आधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. ती रेंज म्हणते. तिचा स्वभाव चांगला आहे.

मला खरं तर एकच गोष्ट लिहायची आहे. शनिवारी बाल्कनीचे टेकू काढतील तेव्हा तू खाली उभी राहू नकोस. झालं लिहून. आता पुन्हा लिहिणार नाही.

उरलेलं कामाचं बोलू. सात दिवसांचा आकडा तू मला ऐकवलास, तो बरोबर आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढा असंच आहे. पण तो तक्ता नुसता वाचू नये, त्याच्या आजूबाजूचं बारीक अक्षर वाचावं. तापमान १५ अंशांखाली जायला नको, सिमेंट साधं पोर्टलँड हवं, पाणी नीट मारलेलं हवं. नाशिकला सध्या पहाटे किती असतं ते मी रोज टीव्हीवर बघतो. गोणीचा फोटो तूच पाठवला होतास, ते पीपीसी आहे, फ्लाय अ‍ॅशचं. ते सावकाश ताकद धरतं. खरी अट तर तक्त्याच्या आधीच दिली आहे: टेकू काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार, त्याच्या निदान दुप्पट ताकद त्यात आलेली हवी. दिवस मोजणं ही सोय झाली. त्याच काँक्रीटचे नमुन्याचे क्यूब फोडून ताकद बघा म्हणावं तुझ्या साहेबांना. पुढच्या स्लॅबसाठी सामान हवंय, हे कारण काँक्रीटला कळत नाही.

माझी काळजी दिवसांची कमी आणि क्रमाची जास्त आहे. दोन्हीकडे टेकलेल्या बीमचे टेकू मधून सुरू करून कडेकडे काढत जायचे. कँटिलीव्हरचं, म्हणजे तुझ्या बाल्कनीसारखं एकीकडेच धरलेल्याचं, उलटं: मोकळ्या टोकापासून भिंतीकडे. सेंट्रिंगवाले मात्र हाताला येतील तिथून सुरू करतात आणि टोकाचा एखादा शेवटपर्यंत ठेवतात, "असू द्या साहेब आधाराला" म्हणत. तो आधारच घात करतो. मधले निघून टोकाखालचा राहिला की बाल्कनी तेवढ्यापुरती दोन्हीकडे टेकलेली तुळई होते. मग ओढ खालच्या अंगाला येते, आणि तिथे लोखंड जवळजवळ नाहीच. मुख्य सळई वर आहे.

आहे ना वर? वरची जाळी उचलून धरणाऱ्या चेअर तू स्वतः मोजल्यास हे सांगितलंस, माझा विश्वास आहे. पण व्हायब्रेटर घेऊन माणसं त्या जाळीवरूनच चालली असणार. मुळाशी २०० मिलिमीटर जाडी म्हणजे इफेक्टिव्ह डेप्थ, तळापासून सळईपर्यंतची उंची, १७० धरू. सळई ५० मिलिमीटर दबली तर १२० उरते. तीसेक टक्के ताकद गेली, आणि वाकणं त्याहून वाढलं. वरून बघून काही कळत नाही. कळतं ते टेकू निघतो त्या दिवशी. म्हणून म्हणतो, खाली उभी राहू नकोस. दुसऱ्यांदा झालं, माहीत आहे.

तू चौथीत असताना एकदा मी रात्री फार उशिरा आलो आणि न जेवता झोपलो. एका खेड्यातल्या शाळेच्या व्हरांड्याचा सज्जा टेकू काढताच खाली आला होता. काम आमच्या सेक्शनचं नव्हतं, मला पाहणीला बोलावलं होतं. लोखंड ड्रॉइंगप्रमाणे पुरेपूर होतं, फक्त पायांखाली दबून पोटाशी गेलेलं. खाली जो मुलगा होता त्याच्याबद्दल मी घरात कधी बोललो नाही, आणि इथेही लिहीत नाही.

लेक्चर झालं. तुला आवडत नाही, आणि तू चुकत नाहीस. तुझी गणितं माझ्यापेक्षा कितीतरी पक्की आहेत. मी डिप्लोमावाला, आयुष्यभर तक्त्यावरून कामं केली. तू मागच्या दिवाळीत ते सॉफ्टवेअर उघडून रंगीत बीम वाकवून दाखवलास, तेव्हा शेजारच्या कुलकर्णींना मी मुद्दाम हाक मारली होती.

पण सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी पंढरपूरचं माळवद आठव. मधल्या खोलीतली सागवानी तुळई. अण्णा दर मृगाआधी वर पांढरी माती चढवायचे. गळतं म्हणून माती, मातीचं ओझं म्हणून झोल, झोलात पाणी साचतं म्हणून पुन्हा गळती, की पुन्हा माती. ती तुळई कधी मोडली नाही, नुसती वाकत गेली. तू अकरावीच्या सुट्टीत शिडी लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणलीस आणि मधे पट्टी धरलीस. मग खाली बघून विचारलंस, "बाबा, हा झोल थांबलाय का अजून वाढतोय?" लोक विचारतात, पडेल का. तू विचारलंस, वाढतोय का. मी अण्णांना म्हटलं, ही सिव्हिलला जाणार. अण्णा म्हणाले, आधी तिला शिडीवरून उतरू दे.

काँक्रीटचंही तेच. त्याचं वाकणं टेकू काढल्या दिवशी संपत नाही. कोडमध्ये क्रीपचा, म्हणजे भाराखाली सावकाश वाकत राहण्याचा, गुणांक ७ दिवसांच्या काँक्रीटला २.२ आहे आणि २८ दिवसांच्याला १.६. कोवळेपणी भार आला की पुढे ते जास्तच वाकत राहतं. हे काँक्रीटबद्दलच लिहितो आहे.

हॉस्टेलच्या भिंतीवर तू ते अमेरिकेतलं धबधब्यावरचं घर लावलं होतंस, फ्रँक लॉइड राइटचं. १९३० च्या दशकातलं. राइटसाहेबांना न विचारता मालकाच्या इंजिनिअरांनी लोखंड वाढवलं, तरी टेकू काढताच मुख्य गच्चीचं टोक पावणेदोन इंच उतरलं. पुढं ते सातेक इंचांपर्यंत गेलं, आणि २००२ मध्ये केबल ताणून सावरावं लागलं. एवढा मोठा माणूस. आणि तुमच्या आर्किटेक्टला पुढच्या मजल्यावर दीड मीटरची बाल्कनी पावणेदोन मीटर करायची आहे, म्हणालीस. वाकण्याच्या हिशेबात लांबी चौथ्या घातात बसते. जाडी तीच ठेवली तर २५ सेंटीमीटरपायी वाकणं ८५ टक्क्यांनी वाढतं, आणि पॅरापेटचं वजन अजून धरलंच नाही. हे त्यांना सांगताना आवाज चढवू नकोस. कागद पुढं ठेव. तुझा आवाज चढतो, तो माझ्याकडून आलाय.

साहेब सही कर म्हणतात आणि तुला नोकरी लागून वर्षसुद्धा झालेलं नाही, हे मला समजतं. कर्जाचे हप्ते माझे आहेत, तुझे नाहीत, हे तू समजून घे. सही करायची नसेल तर करू नकोस. करायची असेल तर क्यूबचा रिपोर्ट हातात घेऊन कर. त्या दिवशी हजर राहा, जरूर राहा, पण आत, कॉलमच्या मागे. सज्जाखाली नाही. आई आत्ता मागून विचारते आहे, "खाली उभी राहू नको म्हणून लिहिलंत का?" म्हटलं, लिहिलंय.

एक काम कर. टेकू काढण्याआधी टोकाची पातळी घेऊन ठेव, मग काढल्यावर लगेच, मग चोवीस तासांनी, मग महिन्याने. शटरिंगला कॅम्बर, म्हणजे आधीच वर दिलेला उठाव, किती दिला होता तेही लिहून ठेव. आम्ही कँटिलीव्हरच्या टोकाला मीटरमागे २० मिलिमीटर द्यायचो. तुझ्या हिशेबाचा आकडा आणि खरा आकडा शेजारी शेजारी लिही. मला पाठव. मी काही बोलणार नाही, नुसता बघेन.

तुझे
बाबा

ता. क. साइटवरची लेव्हल बिघडली आहे म्हणालीस. माझी जुनी डंपी लेव्हल सुधाआत्याकडे पडून होती, ती मागवून घेतली. उद्याच्या एसटीने पार्सल करतो, शुक्रवारी स्टँडवरून सोडवून घे. तिवईचा एक पाय ढिला आहे, तो आधी आवळ.