लोको शेडमधल्या आप्पांना, समोरच्या घरातल्या गणितवालीकडून

ती. स्व. आप्पांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला धाकट्याकडे राहायला गेलात त्याला वर्ष होत आलं. फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं, आणि आभाराचा विषय काढला की नेमकी रेंज जाते, हे मला कळून चुकलंय. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतील, त्यांना मध्येच चहा ठेवायला उठवू नका.

ज्यांना आप्पा माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आप्पा म्हणजे भुसावळच्या आमच्या गल्लीतलं समोरचं घर. जन्म इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये गेला, फिटर म्हणून रिटायर झाले. शिक्षण जुनी अकरावी, गणितात काठावर पास, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. मी एमएस्सी गणित. जळगावला शिकले तेव्हा विद्यापीठ नुसतं उमवि, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं, बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं. तर या एमएस्सीवालीला त्या अकरावीवाल्यांनी ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणारा कॅल्क्युलेटर शिकवला, त्याची ही हकीकत.

आप्पा, पहिल्या क्लासचा दिवस तुम्हाला मी पूर्ण कधी सांगितलाच नाही. अमेरिकेतल्या मुलांना ऑनलाइन शिकवायचं काम नुकतंच मिळालं होतं. तिकडे रात्रीचे आठ, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. विषय कॅल्क्युलस, म्हणजे माझ्या हातचा मळ. पंधराव्या मिनिटाला तो मुलगा म्हणाला, "मिस, माझा कॅल्क्युलेटर साईनच्या ग्राफला आडवी रेघच दाखवतोय." माझ्या लॅपटॉपवर डेसमॉस या ग्राफ काढायच्या ॲपमध्ये छान लाट दिसत होती. मी त्याला म्हटलं, परत टाईप कर. त्यानं केलं. परत रेघ. तीन वेळा तेच. शेजारी त्याची आई बसलेली. दोन दिवसांनी मेसेज आला, की ट्यूटरला कॅल्क्युलेटर येत नाही, मुलगा दुसरीकडे दिलाय.

खरं होतं ते, येत नव्हताच. आपण बारावीला लॉगटेबल उलटून वाढलेली माणसं. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, पुढे कॉलेजात चालला तो साधा सायंटिफिक. तिकडे उलटं. त्यांच्या एपी कॅल्क्युलस या शाळेतच द्यायच्या कॉलेजपातळीच्या परीक्षेच्या काही भागांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच आणि काही भागांत हातही लावायचा नाही. कॅल्क्युलेटरवर चार कामं यायलाच हवीत, असं धरलेलं असतं: हव्या त्या विंडोत (म्हणजे अक्षांचा हवा तेवढाच भाग पडद्यावर घेऊन) ग्राफ काढणं, शून्यं (ग्राफ आडव्या अक्षाला मिळतो ती ठिकाणं) शोधणं, एखाद्या बिंदूवरचं डेरिव्हेटिव्ह (तिथला चढ) काढणं आणि डेफिनिट इंटिग्रल (ग्राफखालचं क्षेत्रफळ) काढणं. चारही मला वहीवर येत होती. यंत्रावर एकही नाही.

मग मी जळगावला गेले. दुकानदारानं सायंटिफिक पुढे ठेवला, म्हणाला, "मॅडम, याच्यावर काही नसतं, इंजिनिअरिंगची पोरं हाच नेतात." मी म्हटलं, ग्राफ काढणारा पाहिजे. त्यानं आत जाऊन ग्राफ पेपरचं पॅड आणलं. त्याचा काही दोष नाही, इथे ते यंत्र मागतं कोण? घरी आले ती डोकं धरून. नेटवर तीन नावं दिसत होती. कॅसिओचा एफएक्स-सीजी५०, रंगीत पडदा आणि त्यातल्या त्यात परवडणारा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस, जुनाट दिसणारा आणि तरी महाग. आणि टीआय-एनस्पायर सीएक्स सीएएस, जो बीजगणितही स्वतःच सोडवतो. मला अर्थातच तिसरा हवासा वाटला. मोठं यंत्र घेतलं की आपणही मोठे होऊ, असं कुठेतरी वाटत असावं.

तुम्ही ओट्यावर बसला होता. सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "तुह्या पोराइकडे कोनतं हाये?"

मी म्हटलं, बहुतेकांकडे टीआय-८४.

"मंग झालं. जे इंजिन लायनीवर पयते तेच शिकायचं. शेडमंधी उभं राहिलेलं कायले पाहिजे?"

आज कुणी मला विचारलं की कोणता घेऊ, तर मी हेच वेगळ्या शब्दांत सांगते. वर्गात, परीक्षेत, शिक्षकांच्या हातात जो आहे तो घ्या. भारी मॉडेल घेऊन बसलात आणि परीक्षेत ते चालतच नसेल तर पैसे पाण्यात. आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षेत सीएएसवाला चालत नाही, एसीटी या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेलाही नाही. तशीच दुसरी परीक्षा एसएटी, ती तर आता कॉम्प्युटरवरच होते आणि डेसमॉस तिच्यातच दिलेला असतो. हे नियम बदलतात, तेव्हा विकत घेण्याआधी त्या वर्षीचे बघायचे. आणि ज्यांना नुसतं ग्राफ बघत गणित समजून घ्यायचंय, म्हणजे इथल्या बीएस्सीच्या पोरापोरींना, त्यांनी एक रुपयाही घालू नये. मोबाईलवर डेसमॉस आणि जिओजेब्रा फुकट आहेत आणि पडद्याच्या बाबतीत या डबड्यापेक्षा कितीतरी सरस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दुधाच्या पिशवीत गुंडाळून ते डबडं घेऊन आलात. अमेरिकेतला नातू सुट्टीत येऊन विसरून गेलेला टीआय-८४ प्लस. बंद. मागचं झाकण काढलं तर चार बारक्या सेलपैकी दोन फुटलेले, स्प्रिंगवर पांढरी बुरशी चढल्यासारखी. मी म्हटलं, गेलं हे. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी इंजिनच भंगारात काढायला सांगतेय. मग आईकडून लिंबू मागितलंत. कान कोरायची कापसाची काडी लिंबाच्या रसात बुडवून एकेक काँटॅक्ट पुसला. भुरभुर फेस आला. मग कोरड्या काडीनं, मग स्पिरिटनं, मग सुकायला ठेवून तुम्ही पेपर वाचत बसलात. मला म्हणालात, अल्कलाईन सेल फुटला की त्यातून खार येतो, खाराला आंबट लागतं. हे मी रसायनशास्त्रात शिकलेय हो, आप्पा. केलं मात्र कधीच नव्हतं.

नवे सेल टाकले, ऑनचं बटण दाबलं, काहीच नाही. माझा चेहरा पडला. तुम्ही 'सेकंड' दाबून वरचा बाण दाबत राहिलात, आणि कोऱ्या काचेतून हळूहळू कर्सर लुकलुकायला लागला. यंत्र चालूच होतं, काँट्रास्ट उतरलेला होता. मे महिन्यात याच्या उलट झालं. भुसावळचं ऊन, कूलर बंद, लाईट गेलेली, आणि सगळा पडदा काळा. तेव्हा खालचा बाण. उन्हानं काच काळी पडते, मशीन बिघडत नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे घाबरले नाही.

शिकवायची तुमची पद्धत मला आधी आवडली नव्हती, हेही सांगून टाकते. मला ग्राफ काढायचा होता आणि तुम्ही मॅन्युअलची प्रिंट काढून आणायला लावलीत. शेकडो पानं! झेरॉक्सवाल्यानं विचारलं, पीएचडी का ताई? तुमचं इंग्रजी मॅन्युअलपुरतं पक्कं. पहिले चार दिवस आपण ग्राफ काढलाच नाही. नुसत्या चुका केल्या. मुद्दाम. वजाबाकीचं बटण वेगळं आणि उणे संख्येचं वेगळं, हे तुम्हीच शोधलंत. उणे पाचसाठी उजवीकडचं वजाचं बटण दाबलं की यंत्र आधीच्या उत्तरातून पाच वजा करायला निघतं, नाहीतर 'एरर: सिंटॅक्स' म्हणतं. त्या एररखाली दोन पर्याय येतात, क्विट आणि गोटू. मी दर वेळी क्विट करायचे. तुम्ही गोटू दाबलंत आणि कर्सर थेट चुकीच्या चिन्हावर जाऊन उभा राहिला. तुमचा आनंद काय वर्णावा! "आमच्या इंजिनले असं बटन असतं त आर्धी जिंदगी वाचली असती माही."

पाचव्या दिवशी मोड उघडला. तिथे रेडियन आणि डिग्री, कोन मोजायची दोन मापं, समोरासमोर. डिग्रीवर ठेवून साईन एक्स काढला, झूम-स्टँडर्ड केलं. आडवी रेघ. तीच ती, पहाटे साडेपाचची! झूम-स्टँडर्डची उणे १० ते १० ही खिडकी डिग्रीत फक्त दहा-दहा अंशांची, आणि दहा अंशांचा साईन ०.१७. एवढी उंची त्या पडद्याच्या एका ठिपक्यातही मावून जाते. म्हणून रेघ. मी ओट्यावर बसून रडले थोडी. तुम्ही काही विचारलं नाही, रेडियनवर आणून लाट दाखवलीत आणि घरात गेलात.

'विंडो' हा शब्द तुमच्यासाठी तिकिटाची खिडकी. एक्स वर्ग अधिक २० टाकलं तर पडदा कोरा. मी परत समीकरण तपासायला लागले. तुम्ही म्हणालात, समीकरण कायले पाहते, खिडकी पाहय. खिडकी दहापर्यंतची आणि आलेख विसाला सुरू होतो, दिसणार कसा? आता माझा कुठलाही विद्यार्थी "ग्राफ येत नाही" म्हणाला की मी आधी मोड विचारते, मग विंडो, आणि समीकरणाकडे सगळ्यात शेवटी जाते.

ते भिंगाचं प्रकरण मात्र मी क्लासमध्ये दर वर्षी सांगते. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. तुम्हाला ते खरं की खोटं हे बघायचं होतं. भिंग लावून, दाभणाच्या टोकानं, एक तास ठिपके मोजत बसलात. मी मनात हसत होते. त्याच आठवड्यात मी (एक्स वर्ग वजा १) भागिले (एक्स वजा १) काढलं. एक्स बरोबर १ ला हे फंक्शन अस्तित्वातच नाही, रेषेत तिथे भोक पाहिजे. पडद्यावर अखंड रेष. गणित चुकत नव्हतं, विंडो बरोबर होती, मोडचा संबंध नव्हता. तेव्हा तुमचे ठिपके आठवले. ग्राफ आडव्या ९५ ठिपक्यांत काढला जातो, म्हणजे ९४ उड्या. उणे १० पासून १० पर्यंत २० चं अंतर, एक उडी सुमारे ०.२१३. या उड्या मारत जाणाऱ्याचा पाय १ वर पडतच नाही, ०.८५ वरून थेट १.०६ वर. भोक ओलांडून जातो, त्याला कळतही नाही. मग झूम-डेसिमल केलं. ती खिडकी उणे ४.७ ते ४.७, उडी बरोबर ०.१. पाय १ वर पडला आणि रेषेतला एक ठिपका गायब! तुम्ही भिंग मागितलंत. एमएस्सीची दोन वर्षं मी लिमिट शिकले, पण भोक डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

एकदा मात्र मी तुम्हाला शिकवलं, ते मांडून ठेवते, हिशेब सरळ असावा. तुम्ही म्हणायचे, माणूस चुकते, मशीन नाई चुकत. मी एक्सची ॲबसोल्यूट व्हॅल्यू घेतली, इंग्रजी व्हीसारखा आलेख, आणि शून्यावरचं डेरिव्हेटिव्ह विचारलं. यंत्रानं बिनदिक्कत ० सांगितलं. साफ चूक. त्या टोकावर डेरिव्हेटिव्ह नसतंच. मी तुम्हाला वहीत काढून दाखवलं की हे यंत्र डेरिव्हेटिव्ह काढत नाही, बिंदूच्या ०.००१ डावीकडे आणि ०.००१ उजवीकडे बघतं आणि मधला चढ सांगतं. व्हीच्या दोन्ही बाजू सारख्या उंच, म्हणून चढ शून्य. साईनचं शून्यावर विचारलं तर १ ऐवजी ०.९९९९९९८३३३ येतं, तेही त्यामुळेच. तुम्ही बराच वेळ वहीकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "मंग खोटं नाई बोलली ते. दोन बाजूनं पाह्यलं, मधात पाह्यलंच नाई." परीक्षेत हा प्रश्न मुलं चुकतात, आप्पा, आणि तुमचं हे वाक्य मी त्यांना इंग्रजीत करून सांगते.

मागच्या महिन्यात नवीन मुलगी आली. ग्राफ दाबला की 'इनव्हॅलिड डिम' असा एरर. घाबरलेली. मी म्हटलं, वाय बरोबरच्या पानावर सगळ्यात वर बघ, प्लॉट-वन (आकडेवारीचा आलेख) काळं, म्हणजे चालू झालंय का? झालं होतं. कर्सर नेऊन एंटर. ग्राफ आला. तिच्या आईनं मागून विचारलं, हे तुम्हाला न बघता कसं कळलं? मी म्हटलं, आमच्या समोर लोको शेडमधले एक जण राहत होते. त्यांना काही अर्थबोध झाला नसावा.

आता सहा विद्यार्थी आहेत. घराचा वरचा मजला प्लास्टर झाला. नातवाला कॅल्क्युलेटर परत पाठवू का म्हणून मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा रेंज गेली. ठेवून घेतलाय, त्याचेही आभार त्याला कळवा. बराच काळ पडून राहणार असला की सेल काढून ठेवते, पण आतला बटण सेल आणि हे चार एकाच वेळी काढत नाही, हे लक्षात आहे.

थंडीत या. बामणोदची वांगी येतील तेव्हा आई भरीत करणारच आहे, कळण्याच्या पुऱ्याही. आणि एक काम आहे. पडद्यावर डावीकडे दोन उभे पट्टे दिसेनासे झालेत. झाकणाच्या कडेला अंगठा दाबला की परत येतात, सोडला की जातात. मला वाटतं आतली पट्टी सुटत चाललीय. स्क्रूला हात लावलेला नाही. उघडू, की तुम्ही येईपर्यंत अंगठा दाबून चालवू?

तुमची,
समोरची पोर