चौकात पाडलेलं ऊन

र्‍युकान, नॉर्वे
३ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

किरणोत्सव कसा झाला? पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. काल किरणं शेवटपर्यंत पोचली का, की ढग आडवे आले? मावळतीच्या उन्हाच्या वाटेत इमारती येतात म्हणून आपल्याकडं केवढी चर्चा चालते, ते मी इथं सांगितलं. कुणी हसलं नाही.

कारण या गावात डोंगरामुळं सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत ऊनच नसतं. २०१३ साली त्यांनी वर कड्यावर तीन मोठे आरसे बसवले. सूर्य सरकेल तसे ते फिरतात आणि खाली चौकात ऊन पाडतात. सगळ्या चौकात नाही, एका तुकड्यातच. त्यात माणसं डोळे मिटून उभी राहतात. मीही ऊन खाल्लं. बरं वाटलं, पण तुझे सांडगे काही त्यात वाळायचे नाहीत. त्याआधी लोकांनी हिवाळ्यात वर जाऊन ऊन घ्यावं म्हणून १९२८ मध्ये इथल्या खतकारखान्यानं रोपवे बांधून दिला, तो अजून चालतो.

तिथं उभी होते आणि घरातली उन्हं आठवत होती. सगळीच काही सूर्याची नव्हेत. पहाटे तू ओरडायचीस, "ऊन पाणी काढलंय, ऊठ!" मग ऊन ऊन भात, वर तूप. चैत्रात आजीचं निदान ठरलेलं: "पोरीला उन्हाळे लागलेत, सब्जा भिजव." आबांचं तर, "हे केस उन्हात पांढरे नाही केले!" जन्मभर उसाला पाणी पाजलेल्या माणसाचे केस उन्हातच पांढरे झालेत, पण त्यांना सांगणार कोण? आणि राजापूरजवळच्या उन्हाळे गावी आपण गरम पाण्याचं कुंड बघायला गेलो, तेव्हा दादा वाटभर विचारत होता, "थंडीत उन्हाळ्याला कसं काय चाललोय?" तू त्याला चिमटा काढलास, पण तूही हसत होतीस.

आबांना सांग, दुपारच्या उन्हाचं रानात जाऊ नका, उन्हं कलल्यावर जा. गेल्या वर्षी ऊन लागून दोन दिवस झोपून होते, ते विसरले असतील. पापड केलेस की थोडे बाजूला ठेव, दादाचा मित्र मार्चमध्ये इकडं येतोय.

आजीला नमस्कार.

तुझी,
सुमी