रुस्तमजी साहेब, माझा भाऊ घरी आला

आदरणीय रुस्तमजी साहेब,

२ मार्च २००३ रोजी तुम्ही मुंबईत शेवटचा श्वास घेतलात, तेव्हा मी शाळेत होते आणि पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी हे नावही माझ्या कानावर आलेले नव्हते. त्यामुळे हे पत्र वाचायला तुम्ही नाही, हे जाणूनच लिहिते आहे. मी तुमच्याच कामठीची. २२ मे १९१६ रोजी ज्या गावात तुमचा जन्म झाला, त्याच गावात माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली आणि त्याच गावातून माझ्या धाकट्या भावाला तांब्याच्या तारेच्या चोरीच्या संशयावरून नेले.

त्याने चोरी केली की नाही, हे न्यायालय ठरवील. त्याविषयी मी येथे काही म्हणणार नाही. मात्र अटकेनंतर दुसऱ्याच महिन्यात त्याला जामीन मंजूर झाला होता आणि तरीही पुढचे अकरा महिने तो आतच राहिला. कारण एवढेच, की पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता आणि आमचे घर भाड्याचे. ज्यांच्याकडे सातबारा होता, त्या नातेवाइकांनी ‘उद्या कागद आणतो’ म्हणून फोन बंद केले. मतांसाठी आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायलेल्या एका पुढाऱ्याने ‘बघू’ म्हटले आणि ते बघणे अजून चालूच आहे. पहिल्या वकिलांनी फी मोजून घेतली, पण जामीनदाराची अट शिथिल करून मागता येते, हे अकरा महिन्यांत एकदाही सांगितले नाही. त्यांना ते माहीत नसेल, असे मानण्याइतकी मी आता भोळी राहिलेली नाही.

शेवटी विधी सेवेकडून मिळालेल्या तरुण वकीलबाईंनी अर्ज केला आणि भाऊ केवळ जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. त्यांचे आभार मी पेढे घेऊन जाऊन मानले, तेव्हा त्यांनी अर्जाची प्रत माझ्यापुढे ठेवली, ‘हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य, १९७९’ या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिले : ‘के. एफ. रुस्तमजी, कामठी’. ‘पेढे खरे तर यांना द्यायला हवेत,’ असे त्या म्हणाल्या. तो कागद मी घरी आणला आणि त्यानंतर तुमच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेले.

१९३८ साली तुम्ही पोलीस सेवेत आलात, पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी १९५२ पासून सहा वर्षे सांभाळलीत, मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख म्हणून चंबळच्या खोऱ्यात डाकूंच्या टोळ्यांशी लढलात आणि १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल उभे राहिले तेव्हा त्याचे पहिले प्रमुख झालात. १९९१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. हे सगळे मोठेच आहे, आणि ज्यांना तुमची स्मारके उभारायची आहेत त्यांनी ते दगडावर कोरावे. माझे मन मात्र तुमच्या निवृत्तीनंतरच्या एका कामापाशी थांबते.

राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून तुम्ही बिहारमधले तुरुंग पाहिलेत. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा आहे, तिच्याहूनही अधिक काळ खटल्याविना कोंडलेली माणसे तिथे होती. अत्याचाराला बळी पडलेल्या बायकासुद्धा संरक्षणाच्या नावाखाली गजाआड होत्या. आयोगाच्या अहवालात एक परिच्छेद घालून तुम्हाला मोकळे होता आले असते. ज्याची सारी हयात माणसे पकडण्यात गेली, त्याला पकडलेल्यांची आठवण ठेवायची सक्ती कोणी केली होती? साठी उलटलेला कर्ता माणूस आता तरी घरी निवांत बसेल, असे तुमच्या घरच्यांनाही वाटले असेल. पण आयुष्यभर रोजनिशी लिहिणाऱ्या तुमच्या हाताला पाहिलेले न लिहिता राहवले नसावे. जानेवारी १९७९ मध्ये ते इंडियन एक्सप्रेसमध्ये छापून आले, त्या कात्रणांवरून कपिला हिंगोरानी या वकीलबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तोच हा हुसैनारा खातून खटला, आणि त्यात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितले, की खटला लवकर चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि गरिबाला केवळ पैशाअभावी आत ठेवता येणार नाही. त्यातून हजारो कैदी बाहेर आले. देशातल्या जनहित याचिकांची वाट तिथूनच रुंद झाली, असे जाणकार म्हणतात. मला त्यातले फारसे कळत नाही. मला एवढे कळते, की कोण किती दिवस आत आहे, हा प्रश्न एका पोलिसाने विचारला होता. माझ्या भावाच्या बाबतीत तो प्रश्न अकरा महिने कोणीही विचारला नाही.

भाऊ सुटला त्या संध्याकाळी कारागृहाच्या दाराशी मी आणि आई उभ्या होतो. त्याच्या हातात एक पारदर्शक पिशवी होती आणि तिच्यात अटकेच्या दिवशी काढून घेतलेले घड्याळ, बंद पडलेले. रिक्षात बसल्यावर त्याने आधी त्याला चावी देऊन पाहिली, मग ते सेलवर चालते हे आठवून स्वतःशीच हसला. तेरा महिन्यांनी तो आमच्यासमोर हसला, साहेब. आईला मी पुढे तुमच्याविषयी सांगितले, तेव्हा तिने दोनदा विचारले, ‘पोलिसातलाच होता ना तो?’ खाकी दिसली की आजही तिचा हात पदराकडे जातो, म्हणून तिला ते खरे वाटेना. आता मात्र ती शेजारणींना सांगते, की आपल्या गावचा एक पोलीस फार सज्जन होता. तुम्ही तिला गल्लीतल्याच एखाद्या हवालदारासारखे वाटता, आणि मीही ते दुरुस्त करायला जात नाही.

आजही देशातल्या दर चार कैद्यांमागे सुमारे तिघांचा खटला संपलेला नाही, आणि त्यांतल्या कितीजणांच्या हातात जामिनाचा आदेश असूनही दार उघडत नसेल, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. भावाची पुढची तारीख येत्या सोमवारी आहे. त्याने घड्याळात नवा सेल घातला आहे, आईने सकाळचा डबा आधीच ठरवून ठेवला आहे, आणि या वेळी तो पोलिसांच्या गाडीतून न जाता आमच्याबरोबर कामठीहून बसने न्यायालयात जाणार आहे.

आपली ऋणी,
कामठीची एक बहीण