हळदीची कॅप्सूल आणि आम्ही स्टेंटवाले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हळदीच्या कॅप्सूलची अर्धं पान जाहिरात होती. 'हृदयातील दाह शमवा' म्हणे. मी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी होतो. राजापुरी हळकुंड मोडून आतला रंग बघण्यात आणि हरिपूरच्या पेवांचे (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांचे) हिशेब लिहिण्यात हयात गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. तेव्हा हळदीचा वैरी म्हणून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, हृदयाच्या नळीत स्टेंट म्हणजे जाळी बसली, म्हणून लिहितो.

आमराईत सकाळी आमचा स्टेंटवाल्यांचा कट्टा भरतो. त्यातल्या एकाचा सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, जरा वाढलेला आला. गड्याने ही कॅप्सूल सुरू केली आणि कोलेस्ट्रॉलची गोळी परस्पर बंद केली!

दाहाचा आणि हृदयविकाराचा संबंध खोटा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्टोस चाचणीत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांमध्ये, कोलेस्ट्रॉल कमी न करता फक्त दाह कमी करणाऱ्या इंजेक्शनने पुढचे झटके कमी झाले. पण ते इंजेक्शन होतं, हळद नव्हे. (त्यानेही जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढलेच.) आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या कळलावीच्या वेलीत दाह कमी करणारं कोल्चिसिन असतं. त्याच्या ०.५ मिलिग्रॅम गोळीने हृदयरुग्णांना २०१९ च्या चाचणीत फायदा दिसला, २०२४ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. पण औषध त्यात आहे म्हणून कळलावी कुणी चघळू नये, ती विषारी आहे.

आणि हळद? २०२२ साली अमेरिकेत सुमारे दोनशे जणांवर २८ दिवसांची चाचणी झाली. हे लोक हृदयरुग्ण नव्हते, हेही सांगतो. रोसुवास्टॅटिन या कोलेस्ट्रॉलच्या औषधाच्या ५ मिलिग्रॅम गोळीने वाईट कोलेस्ट्रॉल तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरलं. हळद, लसूण, दालचिनी, माशाचं तेल यांपैकी कशानेही ते म्हणण्यासारखं उतरलं नाही. सीआरपी तर तेवढ्या दिवसांत कुणाचाच हलला नाही, गोळीवाल्यांचासुद्धा.

भाजीत चिमूटभर हळद पडते, तिच्यात करक्युमिन, म्हणजे दाह शमवतं म्हणतात ते द्रव्य, जेमतेम तीन टक्के. कॅप्सूलमध्ये त्याचा अर्क असतो, वर तो अंगी लागावा म्हणून मिऱ्यातलं पिपेरिन. हे पिपेरिन इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. त्यात आम्ही सगळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर. माझ्या डॉक्टरांनी डबी बघितली आणि सरळ टेबलाच्या खणात टाकली.

त्याआधी मी ती भिंगाखाली धरली होती. 'औषधी वापरासाठी नाही' असं तिच्यावर छापलेलं आहे, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. पुढच्या वेळी जाहिरात घ्याल तेव्हा एवढं एक वाक्य मराठीत आणि मथळ्याच्या टायपात छापायला सांगा. आमच्या कट्ट्यावर निम्म्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं अजून व्हायची आहेत.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
गावभाग, सांगली