कोड्यापेक्षा बसमधली माणसे मोठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टाइम लूपवर (तोच काळ पुन्हा पुन्हा जगावा लागण्याच्या चक्रावर) बेतलेल्या थरारमालिकांविषयी बोलताना चर्चा बहुधा कोड्यापाशीच अडते. चक्र सुरू कसे झाले आणि तुटणार कसे, एवढेच विचारले जाते. जानेवारी २०२२ मध्ये आलेली ‘रीसेट’ ही १५ भागांची चिनी मालिका पाहिल्यावर माझे असे मत झाले की अशा कथेची खरी परीक्षा प्रत्येक फेरीत नवे काय कळते, यात असते.

४५ क्रमांकाच्या शहरबसमध्ये स्फोट होतो आणि ली शिछिंग ही विद्यार्थिनी पुन्हा त्याच बसमध्ये जागी होते. पुढे गेम तयार करणारा एक तरुणही तिच्यासोबत या चक्रात ओढला जातो. वाटेत उतरून जीव वाचवता येतो, पण झोप लागली की दोघे परत बसमध्येच येतात. पोलिसांना आधी कळवावे, तर ‘तुम्हाला हे ठाऊक कसे?’ म्हणून संशय त्यांच्यावरच येतो. आगाऊ मिळालेले ज्ञान हेच संकट ठरावे, ही लेखकांची फार मोलाची सूझ आहे.

त्याहून मोठे बळ सहप्रवाशांच्या चित्रणात आहे. कलिंगडे घेऊन निघालेला माणूस, सामानाचे ओझे सांभाळणारा वृद्ध, बॅगेत मांजर लपवलेला दम्याचा मुलगा यांच्यावर आपण आळीपाळीने संशय घेतो आणि पुढच्या फेरीत त्या प्रत्येकाचे दुःख समोर येते. सीताबर्डीहून ‘आपली बस’मध्ये चढणाऱ्या आम्हा नागपूरकरांना शेजारी बसलेल्याविषयी याहून अधिक काय माहीत असते? तेच ते दृश्य वारंवार पाहूनही कंटाळा येत नाही, कारण दर वेळी कॅमेरा वेगळ्या आसनावर थांबतो. आणि बॉम्ब असलेला कुकर दिसला किंवा स्फोटाच्या आधी फोनवर ‘कॅनन’ ही धून वाजली की पाहणाऱ्याचाच श्वास अडखळतो.

उणिवा मात्र गंभीर आहेत. स्फोट कोण घडवतो हे कळल्यावरही बरेच भाग उरतात आणि तिथे मालिका चक्राची शिस्त सोडून नेहमीच्या पोलीस तपासाच्या वाटेला लागते. त्या कृत्यामागे ते घडवणाऱ्यांच्या मुलीच्या मृत्यूचे आणि त्यानंतर समाजमाध्यमांवर झालेल्या तिच्या नालस्तीचे कारण आहे. विषय इतका जळता असताना त्याला संयत हाताळणी हवी होती, पण शेवटी अश्रूंचा भर वाढतो आणि इतर प्रवाशांचा चांगुलपणाही एकाच साच्यातून काढल्यासारखा वाटतो. चक्र याच दोघांच्या वाट्याला का आले, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही, याचे मला फारसे वाईट वाटले नाही. नियम अर्ध्यावर शिथिल होतात, हे मात्र खटकते.

‘डार्क’ या कालचक्रावरच्याच जर्मन मालिकेने (२०१७ ते २०२०, तीन पर्व, २६ भाग) उलट चूक केली. तिथे नियम काटेकोर आहेत, पण नातेसंबंधांचा गुंता इतका वाढतो की माणसाच्या दुःखापेक्षा कोण कोणाचा मुलगा हे लक्षात ठेवण्यातच प्रेक्षकाची शक्ती खर्ची पडते. दोन्हींत निवड करायची झाल्यास मी ‘रीसेट’चे पहिले आठ-नऊ भाग निवडीन. मराठीत कोणी असा प्रयोग करणार असेल, तर त्याने भागांची संख्या आधी ठरवावी आणि उलगडा झाल्यावर कथा लांबवू नये, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर