सगळे घराक इले

माननीय कमांडिंग ऑफिसर महोदय,
आय.एन.एस. हंसा, दाबोळी, गोवा.

सादर नमस्कार.

माझ्या आईला जाऊन आज एकवीस दिवस झाले. घरातील पाहुण्यांची वर्दळ आता ओसरली आहे आणि तिच्या रिकाम्या खाटेशेजारी बसून मी हे पत्र लिहीत आहे. आपल्याला खासगीत लिहिता आले असते. परंतु ज्या गोष्टीसाठी मला आपले आभार मानायचे आहेत, ती तळाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या आम्हां सर्वांना कळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आमचे घर धावपट्टीपासून इतके जवळ आहे की विमान उठले की मांडणीवरची भांडी वाजतात. हंसा हा नौदलाचा हवाई तळ १९६४ मध्ये दाबोळीला आला, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी, त्यामुळे हा आवाज मला परका कधीच वाटला नाही. लहानपणी आम्ही मुले अंगणात उभी राहून डोळे मिटून सी हॉक कोणते आणि अलिझे कोणते ते ओळखत असू. पुढे सी हॅरियर आले, २०१६ मध्ये तेही निवृत्त झाले, आणि आता मिग-२९के आहेत, ज्यांचा आवाज कानाने ऐकण्याआधी छातीत जाणवतो. शेजारच्या दोन-तीन घरांतून नौदलात नोकरीला असलेली माणसे आहेत. तळाविषयी आमच्या मनात राग कधीच नव्हता, आणि आजही नाही.

आईचे मात्र वेगळे होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी ती पंधरा वर्षांची होती आणि तिचे वडील, माझे आजोबा, पोर्तुगीज अमदानीतल्या याच विमानतळावर मजुरीला होते. त्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले. धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा हुकूम वैमानिकांना होता, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. त्या दिवशी आमच्या वाड्यावर ते कोणाला ठाऊक असणार? आजीने चारही मुलांना खाटेखाली ढकलले आणि स्वतः दारात उभी राहिली. आजोबा त्या रात्री आले नाहीत. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने वास्कोत शरणागती पत्करली, तरीही ते आले नाहीत. ते आले वीस तारखेला सकाळी, डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या मातीने माखलेले, पण धडधाकट. ही गोष्ट आई आम्हांला हसत हसत सांगायची, कारण शेवट चांगला होता.

पाच वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाने गाठले आणि त्या गोष्टीचा शेवटच तिच्या मनातून पुसला गेला. उरले ते फक्त पहिले दोन दिवस. दिवसाच्या उड्डाणांचे तिला फारसे काही वाटत नसे. रात्री मिग उठले की मात्र ती अंथरुणातून धडपडत उठे, माझे मनगट घट्ट धरून मला खाली ओढी आणि खाटेखाली शिरण्याचा प्रयत्न करी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काडीसारखी झालेली बाई, पण तिच्या मुठीला त्या वेळी कुठून बळ येई ते देवाला ठाऊक. एकदा खाटेच्या पट्टीवर कपाळ आपटून तिला तीन टाके पडले. आणि मग पहाटेपर्यंत एकच प्रश्न: "बाबा घरा आयलो?" बाबा घरी आले का?

या प्रश्नाला आम्ही खरे उत्तर देत असू. आजोबांना जाऊन चाळीस वर्षे झाली, असे समजावून सांगत असू, कारण रुग्णाशी खोटे बोलू नये असे आम्हांला बजावण्यात आले होते. प्रत्येक वेळी ते तिला नव्यानेच कळे आणि प्रत्येक वेळी ती नव्याने रडे. एकाच माणसाचे सुतक तिने किती रात्री पाळले असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही.

आपल्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे गेले ते सविस्तर सांगत बसत नाही. एका कार्यालयात माझा अर्ज न वाचताच परत देण्यात आला आणि विमानांच्या आवाजाची एवढी अडचण असेल तर घर विकून टाका, असा सल्ला मिळाला. मते मागायला दर पाच वर्षांनी अंगणात येणाऱ्या एका गृहस्थांनी फार आस्थेने चौकशी केली, पण त्यांना आईला व्हीलचेअरवर बसवून मोर्चाच्या पुढे न्यायचे होते. माझी मागणी काय आहे, हे त्या दोघांपैकी एकानेही विचारले नाही. विमाने बंद करा असे माझे म्हणणे कधीच नव्हते. रात्रीचा सराव कधी आहे हे आधी कळले तर आईची तयारी करता येईल, एवढेच मला हवे होते.

अखेर मी आपल्याला पत्र लिहिले, तेही मराठीत, कारण मनातले नीट मांडायला मला दुसरी भाषा नाही. ते आपल्यापर्यंत कसे पोचले मला माहीत नाही. एका रविवारी दुपारी फाटकाशी एक साधी गाडी थांबली. आपण आणि आपल्याबरोबर मालवणकडचा एक तरुण नौसैनिक, एवढेच उतरलात. बूट उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेत. मी खुर्ची पुढे केली, ती आपण बाजूला सारलीत आणि आईच्या खाटेजवळच्या बुटक्या पाटावर बसलात, जेणेकरून तिला मान वर करावी लागू नये.

आपण प्रथम मला नकार दिलात, आणि त्या नकाराबद्दलही मला आपले आभार मानायचे आहेत. उड्डाणांचे वेळापत्रक कोणालाही देता येणार नाही, हे आपण स्पष्ट सांगितलेत. सराव कमी करता येणार नाही हेही सांगितलेत आणि त्याचे कारण मला समजेल अशा शब्दांत उलगडून दाखवलेत. काळोख्या समुद्रात हलणाऱ्या जहाजाच्या आखूड डेकवर विमान उतरवायचे, तारेत आकडा अडकवून ते काही क्षणांत थांबवायचे, आणि हे सारे करणारा तरुण एखाद्या घरचा मुलगा असतो. त्याचा हात आधी जमिनीवर बसल्याशिवाय त्याला समुद्रावर पाठवणे म्हणजे त्याच्या आईशी बेइमानी, असे आपण म्हणालात. मे २०२३ मध्ये विक्रांत या विमानवाहू जहाजावर मिग-२९के प्रथमच रात्री उतरल्याची बातमी मी वाचली होती. त्या एका बातमीमागे आमच्या छपरावरून गेलेल्या किती रात्री असतील, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. एखाद्याने तोंडदेखले आश्वासन दिले असते आणि पुढच्याच आठवड्यात ते मोडले असते. आपण जे देता येत नव्हते ते देता येत नाही असे सांगितलेत, म्हणून पुढे जे दिलेत त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

दिलेत ते एवढेच, की ज्या दिवशी दिवेलागणीनंतर सराव असेल त्या दिवशी दुपारी घरी एक फोन येईल. वेळ नाही, विमाने किती ते नाही, काही नाही. "ताई, आज रात्री जरा आवाज असेल," एवढे एकच वाक्य. तो फोन आला की आम्ही आईला लवकर पेज भरवत असू, खिडक्या लावून घेत असू आणि पहिले विमान उठण्याआधीच भजन सुरू करत असू. वास्कोच्या दामोदर सप्ताहात तिने उभा जन्म भजन ऐकले होते. हातात टाळ दिले की तिचा ठेका चुकत नसे, आणि बाहेरचा गडगडाट जणू पखवाज होऊन त्या भजनात मिसळून जाई.

पण मला सर्वांत जास्त जे सांगायचे आहे ते याहूनही लहान आहे. त्या रविवारी आपण निघायला उठलात तेव्हा आईची नजर आपल्या कपड्यांवर गेली. आपण गणवेशात नव्हता, तरी केस कापण्यावरून किंवा ताठ उभे राहण्यावरून तिने काहीतरी ओळखले असावे. तिने आपला हात धरला आणि तोच प्रश्न विचारला. मी नेहमीप्रमाणे तिला समजवायला पुढे झाले, तेवढ्यात आपण मला हाताने थांबवलेत. आपल्याला कोकणी येत नाही. आपण त्या मालवणच्या मुलाकडे वळून हळूच काहीतरी विचारलेत, त्याने कानात सांगितले, आपण ते दोनदा ओठांत घोळवलेत आणि पुन्हा पाटावर बसून तिच्या डोळ्यांकडे पाहत म्हणालात, "आजी, धावपट्टीर आता कोण नाय. सगळे घराक इले."

आम्ही "घरा आयले" म्हणतो. आपले वाक्य होते मालवणी, आणि त्याचे उच्चार त्याहूनही दूरचे. आईने ते शब्दन् शब्द ऐकले. तिने आपला हात सोडला, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "तांकां च्या दी." यांना चहा दे. पाच वर्षांत तिने पाहुण्याला चहा विचारल्याचे मला आठवत नव्हते.

हे खोटे होते असे कोणी म्हणेल. मी यावर खूप विचार केला आहे आणि माझे मत पक्के आहे, की ते खोटे नव्हते. वीस डिसेंबरला सकाळी आजोबा खरोखरच घरी आले होते. आम्ही तिला चाळीस वर्षांपूर्वीचा मृत्यू सांगत होतो, जो तिने विचारलाच नव्हता. आपण तिला तिच्याच गोष्टीचा हरवलेला शेवट परत आणून दिलात. त्या दिवसापासून घरात सर्वांचे उत्तर तेच झाले, आणि तेही आपल्याच मालवणीत, कारण आमच्या कोकणीतले वाक्य तिला तितकेसे पटत नसे.

नौदलाचा तळ आणि गाव यांचे नाते कसे असावे, यावर आमच्याकडे पुष्कळ बोलले जाते. जमिनी गेल्या त्यांचे दुःख आहे, सकाळी नौदलाच्या सरावाच्या वेळी प्रवासी विमानांना थांबावे लागते याची तक्रार आहे, मोपाचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून दाबोळीचे पुढे काय होणार याची चिंता आहे. दुसऱ्या बाजूला मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानाला आगी लागल्या तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन गेली, हेही आम्ही पाहिले आहे, आणि बोगमाळोच्या वाटेवरचे नौदलाचे विमान संग्रहालय तर आमच्या शाळेतील मुलांचे ठरलेले सहलीचे ठिकाण आहे. या साऱ्या मोठ्या गोष्टी त्यांच्या जागी महत्त्वाच्याच आहेत. परंतु मी शिक्षिका आहे, माझा अनुभव असा, की मुख्याध्यापक वर्गात येऊन शेवटच्या बाकावरच्या मुलाशेजारी बसले की सगळी शाळा कशी चालते ते त्या एका बैठकीत कळते. हजारो माणसांचा आणि कोट्यवधींच्या विमानांचा भार ज्यांच्या शिरावर आहे, त्या अधिकाऱ्याने एका आजारी बाईच्या एका वाक्यासाठी उच्चार घोकावेत, यावरून त्यांच्या हाताखालची माणसे कशी असतील याची मला खात्री पटली. ती खात्री खरीही ठरली. दीड वर्षात तो फोन एकदाही चुकला नाही, मग फोनवरचा आवाज कोणाचाही असो.

आई गेली ती पहाटे, झोपेत, अगदी शांतपणे. तिच्या बाराव्याच्या दिवशी, पाने वाढत असताना, दुपारी फोन वाजला. "ताई, आज रात्री जरा आवाज असेल." बोलणारा मुलगा नवीन होता, त्याला काही ठाऊक नव्हते आणि माझ्याच्यानेही सांगवले नाही. मी बरे म्हटले. रात्री सर्व पाहुणे जागे होते, तरीही मी सवयीने खिडक्या लावल्या.

आपली बदली जवळ आली आहे असे ऐकते, म्हणून एक विनंती करते. आमच्या घरी येणारा फोन आता थांबवावा. मात्र आमच्यापासून चौथ्या घरात दोन महिन्यांपूर्वी अपुऱ्या दिवसांचे एक बाळ आले आहे, आणि रात्रीच्या आवाजाने ते दचकून उठते, मग त्याची कोवळी आई त्याला मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसते. तिला मी आपल्याविषयी सांगितले आहे. तिचा फोन क्रमांक वेगळ्या पाकिटात घालून मी तळाच्या फाटकावर देत आहे. आपल्यानंतर येणाऱ्या साहेबांच्या हाती तो द्यावा.

आपली कृतज्ञ,
कुंपणाअलीकडची एक शेजारीण